पार्वताबाईंचा अर्धा मफलर

"ही रेघ कसली?" केंद्र चालवणाऱ्या बाईंनी सकाळीच मफलर खिडकीपाशी नेऊन विचारलं.

मधोमध एक आडवी ओळ पिळवटलेली दिसत होती. तिच्या खाली पार्वताबाईंचं विणकाम, वर माझं. लेक बाळंत झाल्याचा निरोप आला, तशा पार्वताबाई हातातलं काम टाकून चिखलीला गेल्या होत्या. पिंपरीतल्या आमच्या विणकाम केंद्राची रीतच होती: एकीचं राहिलेलं दुसरीनं पुरं करायचं. ऑर्डर कारखान्याच्या वॉचमनांसाठी होती आणि तिथल्या स्टोअरचे साहेब दुपारी इन्स्पेक्शनला येणार होते.

"बाई, मी डावखुरी आहे."

"दिसतंय ते मला. उसव. उजव्या हातानं विण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

बाई तशा वाईट नव्हत्या. एका मफलरपायी सगळी ऑर्डर जाईल या धास्तीनं त्यांचं डोकं तापलं होतं. पण माझे यजमान कारखान्यात टेंपररी होते. माझंही काम सुटलं असतं, तर खोली सोडून नगरला सासरी परतावं लागलं असतं. त्या घराची मला भीती वाटायची.

उसवलं. उजव्या हातानं विणू लागले, तर सुई निसटली आणि टाका गळाला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"आटप गं बाय, दुपारी सायबाची गाडी येईल," शेजारच्या सगुणाबाई कुजबुजल्या.

मी सुई थांबवली आणि एकाच टाक्याकडे नीट पाहिलं. सुईवरचा टाका म्हणजे एक फास. त्याचा एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. उजव्या हातानं विणणाऱ्यांचा पुढचा पाय उजवीकडे असतो, माझा डावीकडे. पार्वताबाईंच्या टाक्यात मी आधी सवयीनं पुढून सुई घातली होती, म्हणून पीळ बसला होता. मग डाव्या हातानंच, पण मागच्या पायातून घातली तर?

घातली. टाका सरळ बसला. जोडाची तेवढी ओळ तशीच काढली. पुढे सगळे माझेच टाके होते, तिथं हात भराभर चालला. दुपारी साहेब आले आणि केंद्राच्या दुसऱ्या टोकाचे मफलर पाहत होते, तोवर मी शेवटचा टाका बंद केला.

साहेबांनी मफलर ताणला, उलटा करून पाहिला आणि पास केलेल्या ढिगात टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

ते गेल्यावर बाईंनी तो पुन्हा खिडकीपाशी नेला. "तुझं कुठून सुरू होतं गं?"

"शोधा ना!" मी म्हटलं.

त्यांना सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रातले सगळे अर्धवट मफलर आणून माझ्या मांडीवर ठेवले. नोकरी टिकली, पण स्वतः टाके घालून सुरू केलेलं काम त्यानंतर क्वचितच वाट्याला आलं. एखादी अडचण सोडवून दाखवली, की ती कायमची आपल्या गळ्यात पडते.