दीपालीचा डोस

राजीनामा दीपालीच्या सासूबाई लिहून घेऊन आल्या होत्या. फक्त सही राहिली होती. कागद माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरीला मोकळी करा. आमाला नातवंड पायजे."

दीपाली दाराशी उभी होती. पेन तिच्याच हातात होतं.

बोईसरच्या एमआयडीसीत माझी रेडिओग्राफीची एजन्सी आहे. आम्ही माणसांचे नाही, लोखंडाचे एक्स-रे काढतो. कारखान्यात जाड टाक्या आणि पाइप वेल्ड करतात. तो जोड आतून पक्का आहे का, ते आम्ही फिल्मवर दाखवतो. त्यासाठी किरणं सोडणारा एक सोर्स असतो. आकाराने लहानसा, पण ठेवायला जड पेटी लागते. तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. काम चालतं ते काँक्रीटच्या जाड भिंतींच्या खोलीत, एक्सपोजर रूममध्ये. सोर्स बाहेर काढला की त्या खोलीत कोणीही थांबायचं नाही. अंगात कामाचा एकसंध बॉयलर सूट असतो आणि प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज. अंगावर किती किरणं पडली, ते हा बॅज साठवून ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो लॅबला जातो आणि आकडा येतो. त्या आकड्याला डोस म्हणतात.

दीपाली माझ्याकडे कॅमेऱ्यावर काम करते. तिचा या खेपेचा डोस वर्षभराच्या मर्यादेच्याही वर आला होता. मी तो तिला त्याच दिवशी दाखवला आणि तिचं किरणांचं काम बंद केलं. तिने घरी सांगितलं. मग रात्रभर फोनवर वाचत बसली.

"मॅडम," ती म्हणाली, "पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात ना, त्यांचा डीएनए वेगळा असतो. तो मुलांना फक्त आईकडून मिळतो. किरणांनी माझा बिघडला असेल तर माझ्या मुलीला जाईल. तिच्या मुलीला जाईल. मी एकटी असते तर चाललं असतं."

"बघा, तीच बोलते हाय," सासूबाई म्हणाल्या.

सुमनबाई त्यांचं नाव. पालघरजवळच्या माहीमला त्यांचा पानमळा आहे. पानाच्या व्यापाऱ्यांशी आयुष्यभर घासाघीस केलेली बाई. मीही तोंडाने काही कमी नाही.

"सही आज करायची नाही," मी म्हटलं. "आधी हा आकडा खरा आहे का ते बघू."

"कागदावर आलाय म्हणजे खरा नाय काय?"

"व्यापारी पानाची करंडी नुसती वरून बघून घेतात का?"

मी रजेचं रजिस्टर काढलं. त्या तिमाहीत दीपाली एक आठवडा सुट्टीवर होती. तिला विचारलं, "सुट्टीत बॅज कुठे होता?"

"बॉयलर सूटच्या खिशाला."

"आणि सूट?"

ती हातातल्या पेनशी चाळा करायला लागली. मी आवाज चढवला. तेव्हा म्हणाली, "एक्सपोजर रूममध्ये. धुऊन खिळ्याला वाळत टाकला होता. चेंजिंग रूमचं काम चालू होतं, आणि बाहेर ग्राइंडिंगची धूळ. बॅज काढायचा राहिला."

"घरी न्यायचा होता."

तिने सासूकडे पाहिलं. सुमनबाई ताठ बसून म्हणाल्या, "मीच सांगितलेलं. किरनांचे कपडे घरात नाय आनायचे. मोठ्या सुनेचा पाळना हाय घरात."

मी आमच्या यादवला बोलावलं. त्या आठवड्यात खोलीतलं सगळं काम त्यानेच केलं होतं. रोज आत-बाहेर करताना त्याला सूट दिसला कसा नाही?

"दिखा था, मॅडम. दीदी का कपडा था, हाथ कैसे लगाता?"

मी टेबलावर हात आपटला. नियम असा, की सुट्टीवर जाताना बॅज ऑफिसच्या रॅकवर ठेवायचा, किरणांपासून लांब. तिने तो किरणांच्या खोलीत टांगला. यादवने संकोचाने तिथेच राहू दिला. आणि मी त्या आठवड्यात रॅक एकदाही तपासला नाही. बोलणी तिघांनाही बसायला हवी होती. मी दोघांनाच ऐकवली.

सुमनबाईंना वेगळं समजावलं. "दिवा विझवला की उजेड कपड्याला चिकटून राहतो का? सोर्स पक्का बंद असतो. त्यातून किरणं येतात, धूळ येत नाही."

"मग झालं तर. आकडा खोटा," त्या म्हणाल्या. एका क्षणात बाई माझ्या बाजूला आल्या होत्या.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. डोस अंगावरचा नाही, असा फॉर्म भरायचा आणि वाट बघायची. पण बॅज सुट्टीत खोलीत होता, म्हणून तिमाहीच्या बाकीच्या दिवसांत तिच्या अंगावर काहीच पडलं नाही, असं सिद्ध होत नव्हतं. रक्ताची एक तपासणी असते. मोठा डोस बसला असेल तर पेशींतली गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली जातात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मी म्हटलं, रक्त द्यायचंच.

"आणि वाईट आलं तर?" सुमनबाईंनी विचारलं.

"तर मी तिला खोलीतून काढून फिल्म वाचायला बसवीन, याच पगारावर. लिहून देते. चांगलं आलं तर ती ठरवेल. तुम्ही नाही, मी नाही."

"पगार वाढवून द्या."

"बाई, तुम्ही राजीनामा घेऊन आला होतात."

त्यांना हसू आलं, पण दाबलं.

मी एवढी का अडून बसले, तेही सांगते. माझी सुरुवात याच बोईसरमध्ये एका एजन्सीत झाली. साहेब म्हणायचे, बायकांनी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, पुढे मुलं व्हायची असतात. नऊ वर्षं मला डार्करूममध्ये फिल्म धुवायला ठेवलं. डार्करूमची भिंत एक्सपोजर रूमला लागून होती. मला बॅज नव्हता, कारण मी 'किरणांच्या कामात' नव्हते. माझी मुलगी पोटात असतानाही नव्हता. ती धडधाकट आहे, पालघरला कॉलेजात जाते. पण माझा डोस मला आजवर माहीत नाही. ते साहेब समोर आले तर अजूनही मी नमस्कार करत नाही.

रक्त दिलं त्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. कारखान्यांतल्या कामगारांचं आरोग्य तपासणारे हे डॉक्टर. गोड बोलत नाहीत, म्हणून मला चालतात.

"तुम्ही वाचलंय ते निम्मं बरोबर आहे," ते दीपालीला म्हणाले. "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारे भाग. त्यांचा डीएनए आईकडूनच येतो. मोठ्या डोसने त्याला इजा होते आणि त्याच्या दुरुस्तीची सोय तोकडी असते. पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. काही बिघडल्या तरी बाकीच्या काम चालवतात."

सुमनबाई पुढे सरकल्या. "डॉक्टरसाहेब, पानवेल आमी बियांनी नाय लावत. आईवेलीचा तुकडा कापून लावतो. वेलीला रोग असला तर तुकड्यात येतो. तसंच ना हे?"

डॉक्टर म्हणाले, "बरंचसं तसंच. पण तुम्ही कोणताही तुकडा लावता का?"

"नाय. निवडून."

"बीजांड तयार होताना शरीरही थोडी निवड करतं. खूप बिघडलेल्या प्रती पुष्कळदा मागे पडतात. सगळ्या पडतातच असं नाही."

"म्हणजे माझ्या मुलीला, तिच्या मुलीला धोका नाही?" दीपालीने विचारलं.

"प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या डोसचे परिणाम पुढच्या पिढीत दिसले आहेत. माणसांमध्ये ठाम असं काही सापडलेलं नाही. अजून शोधतायत. मर्यादेत काम केलं, तर या कारणासाठी मूल टाळा असं मी कोणत्याच बाईला सांगणार नाही. पण दिवस राहिले तर पहिल्या दिवशी मॅडमना सांगायचं. बाळासाठी मर्यादा वेगळी, खूप कमी असते."

परतताना रिक्षात सुमनबाई म्हणाल्या, "खरा मानूस वाटला. सगळं चांगलंच हाय असं नाय बोलला."

रिपोर्ट यायला काही आठवडे गेले. तोवर एका कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. "सुना है आपकी लेडी का डोस ज्यादा है. किसी आदमी को भेजो." मी म्हटलं, काम कोण करणार ते एजन्सी ठरवते. पटत नसेल तर ऑर्डर परत घ्या. त्याला टाकी महिनाअखेरीस पाठवायची होती. त्याने ऑर्डर ठेवली.

रिपोर्ट आला. मोठ्या डोसची काहीच खूण रक्तात नव्हती. मर्यादेवर डोस गेला की सरकारी चौकशी लागते. रजिस्टर, यादवचा जबाब आणि हा रिपोर्ट पाहून ती संपली. तो डोस दीपालीच्या खात्यातून वगळला गेला. पुढच्या सोमवारी ती, स्वतः ठरवून, कॅमेऱ्यावर परत आली. राजीनाम्याचा कागद मी सुमनबाईंना परत दिला. त्यांनी मागच्या बाजूला पानांचा हिशेब लिहिला असेल.

आता दीपाली फिल्म वाचायच्या टेबलावर बसते. चौथा महिना चालू आहे. पहिल्याच दिवशी तिने येऊन सांगितलं होतं. बाळंतपणानंतर कॅमेऱ्यावर परत यायचं, असं तिनेच ठरवलंय. तिमाही संपली की सुमनबाईंचा मला फोन येतो, "या खेपेला किती आला?" दीपालीच्या परवानगीने तिचा सांगून झाला की यादवचाही विचारतात. त्याची बायको गावाला असते, तिला कोण सांगणार, म्हणतात.

ऑफिसात सगळ्यांचे डोस भिंतीवर लावावेत, असं यादवचं मत होतं. मी नको म्हटलं. ज्याचा त्याला, हातात, सही घेऊन देते. या धंद्यात मला एक गोष्ट कळली. माणसाला आकडा सांगितला की तो भांडायला येतो, नाही सांगितला की मनातल्या मनात घाबरतो. भांडायला येणारी माणसं मला परवडतात.