टाकीच्या पोटातला गंज

रघू, खुर्ची ओढ आणि जवळ बस. मोबाइल खाली ठेव. हे पत्र वाचून तुझी आई दाखवत असली तरी बोलतेय मी, तुझी आत्या. एवढा इंजिनिअर झालास, पण मराठी अक्षरं अजून लागत नाहीत. बोललं तर निम्मं कळतं, उत्तर तमिळमध्ये. असू दे कण्णा, ऐकता तरी येतं ना?

माझ्या भावाची, म्हणजे तुझ्या बापाची, जुनी जीप तू रंगवलीस. फोटो पाहिला. छान दिसते. मी फोनवर विचारलं, “टाकी उघडून पाहिलीस का?” तू म्हणालास, “ते मग पाहू, आत्या. आधी पोंगलला पोरांना घेऊन ओरत्तनाडूला जायचंय.” तिथंच माझं डोकं फिरलं. कित्येक पावसाळे शेडमध्ये उभी असलेली गाडी, आणि म्हणे मग पाहू!

मी लष्करात नर्स होते, लेफ्टनंट. आमचं फील्ड हॉस्पिटल उत्तरेच्या डोंगरात. सकाळी राउंड, ड्रेसिंग, इंजेक्शनं, दुपारी रिपोर्ट. अॅम्ब्युलन्स दोन. एक पळायची. दुसरी इन्स्पेक्शनची. युनिटमध्ये अशी एखादी वस्तू असतेच, साहेबांना दाखवायची. तिचं बॉनेट रोज पुसायचे, टायर काळे करायचे. हलवायची मात्र नाही, चिखल लागेल म्हणून. टाकी सदा अर्धी. आमचा ड्रायव्हर नाईक बलबीर म्हणायचा, “सिस्टर, ही नवरी आहे. मंडपातच म्हातारी होणार.”

अर्ध्या टाकीत थंडीनं हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं, पत्र्याला गंज धरतो. बलबीरनं आत टॉर्च मारून पाहिला होता. गाड्यांचं खातं पाहणाऱ्या सुभेदार साहेबांकडे त्यानं टाकी उतरवायची परवानगी मागितली.

“रंग ओरखडेल. इन्स्पेक्शननंतर.”

इन्स्पेक्शन झालं. जनरल साहेबांनी मडगार्डवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. शाबासकी मिळाली आणि पुढच्या इन्स्पेक्शनची तयारी सुरू झाली. टाकी तशीच.

मग एका दुपारी रस्त्याच्या कामावर दरड कोसळली. पळणारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली गेलेली. नवरीला बाहेर काढलं. जखमी होता सिपाई मुरुगेसन, आपल्या तंजावूरजवळच्या पापनाशमचा. पोट घट्ट होत चाललेलं, म्हणजे आत रक्तस्राव. त्याला सर्जन हवा होता, आणि सर्जन खाली बेस हॉस्पिटलला. मी तमिळ बोलले तसे त्याचे डोळे उघडले.

“अक्का, गाव कुठलं?”

“तंजावूर. राजवाड्यामागे.”

“अय्यो, रायरांच्या, मराठ्यांच्या घरच्या! मग सांबारात गूळ घालत असाल.”

“तू बरा हो, मग चाखून सांग.”

खाली जाणाऱ्या रस्त्यालाही मधे चढ होते, त्यातल्या पहिल्याच चढावर इंजिन गचके देऊन बंद. बलबीरनं फिल्टर काढून माझ्या तळहातावर पालथा केला. पेट्रोल कसलं, तांबडा चिखल. त्यानं पाइप तोंडानं फुंकला. गाडी थोडी चढली, पुन्हा बंद. पुन्हा फुंकला, पुन्हा बंद. मी रेडिओ घेतला.

“कंट्रोल, अॅम्ब्युलन्स टू. व्हीकल डाउन. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर.”

“अॅम्ब्युलन्स टू, गाडी नाही. वेट. आउट.”

वेट! रक्त कुणासाठी वेट करतं?

बलबीर जेरीकॅन टपावर बांधत ओरडला, “सिस्टर, नळी!” मी सलाइनची जादा नळी फेकली. टाकी वगळून टपावरून थेट कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडलं. गाडी धावली. पण तोवर मुरुगेसन बोलायचा थांबला होता. बेस हॉस्पिटलच्या गेटमधून आत शिरलो तेव्हा मी त्याची नाडी शोधत होते. सर्जन हातमोजे चढवून उभा होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. टाकीचं मी सांगितलं, बलबीरनं सांगितलं. निष्कर्ष निघाला, दरडीखाली सापडून मृत्यू. गाडी तर नुकतीच इन्स्पेक्शन पास झालेली! बलबीरची बदली झाली. नवरीला नवा रंग मिळाला.

तेव्हा तू आधी टाकी उतरव. मेकॅनिकला सांग, जुनं पेट्रोल काढून आत मूठभर नट टाकून खळखळव, तांबडं पाणी निघायचं थांबेपर्यंत धू, कडक उन्हात वाळव. पत्रा कुजला असेल तर नवीन टाकी बसव. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेव.

सुट्टीत मी पापनाशमला मुरुगेसनच्या आईकडे गेले होते. भाताच्या शेताकडेला घर. गाडी वाटेत बंद पडली, हे मी लपवलं नाही.

“मिलिटरीची गाडीसुद्धा?”

एवढंच तिनं विचारलं. आता ती माउलीही नाही. मुरुगेसनचं नाव घेणारं दुसरं कुणी मला तरी ठाऊक नाही. म्हणून तुला सांगितलं. तू पोरांना सांग. आणि लवकर ये रे मला भेटायला. टाकी साफ व्हायची असेल तर बसनं ये.