लोणच्याला लागलेला हात

आष्टी सोडली त्या दिवशी आईनं ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, साड्या सगळं माझ्या हातात दिलं. लोणच्याची बरणी मात्र दिली नाही. माझी पाळी चालू होती आणि आमच्यात त्या दिवसांत बाईनं लोणच्याला हात लावायचा नाही. बरणी नवऱ्याच्या मांडीवर बसून पुण्याला आली. मला असा राग आला होता, पण आईसमोर बोलायची कुणाची टाप नव्हती.

आता पुण्यात टेरेसवर कुंड्या आहेत. शेतकऱ्याच्या पोरीनं कुंडीत शेती करावी म्हणजे थट्टाच, पण गाजर, मुळा, मिरच्या येतात बरं का. दर थंडीत मी नि दोन्ही लेकरं त्याचं लोणचं घालतो. धाकटा निम्मी गाजरं चिरायच्या आधीच खातो.

यंदा आई आलेली. बाईच अशी, की आठवड्यात अख्खी सोसायटी तिला आजी म्हणायला लागली. फोडी परातीत पडल्या, मसाला कालवायचा, तेवढ्यात बारा वर्षांची सायली सहज म्हणाली, "आजी, माझी पाळी चालू आहे. पोट दुखतंय गं." सगळं तिनंच तर चिरलं होतं. आता आई तिला उठवणार आणि मला दोघींपैकी एकीला दुखवावं लागणार.

आईनं परात सायलीपुढं सरकवली. मग म्हणाली, "हात धुतले न बराबर? कोरडे कर. अन् मीठ तूच टाक."

लेकरं खेळायला गेल्यावर माझ्याकडं न बघता बोलली, "तुला बाजूला बसवायचे तव्हा मला बी बरं वाटत नव्हतं. सासूनं सांगितलं, मंग म्या बी तेच केलं." सत्तरीला टेकलेल्या बाईनं स्वतःचाच नियम मोडावा, तोही इतक्या सहज. तिचं मला फार कौतुक वाटलं, आणि रडूही आलं.

लोणचं कधीच संपलं. आष्टीतल्या आणि आष्टी सोडलेल्या माझ्या मैत्रिणींनो, माहेरी जायचं तर मी इतकी वर्षं आधी कॅलेंडर बघायची, ते दिवस टाळूनच तिकीट काढायची. तुम्हीही काढत असालच. परवा आईचा फोन आला, "तारीख पाहून येत जाऊ न्हको आता. सुट्टी भेटली की निघ."

मीही तिचीच लेक. नेमकं त्याच दिवसांतलं तिकीट काढलंय.