कापणीला आलेला मी

या सदरातले अनुभव मी हॉटेलच्या खोलीत पडल्या पडल्या वाचतो. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. कारण माझं कामच असं आहे की त्यात स्वतःच्या डोळ्या-कानांवरसुद्धा विश्वास ठेवायची सोय नसते. विमान ढगात शिरलं की शरीर ओरडून सांगतं, आपण वळतोय... आणि समोरचं मीटर म्हणतं, सरळ आहोत. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात — मीटरचं ऐक, स्वतःचं ऐकू नकोस. अशा माणसाने भुताखेतांच्या गोष्टी मानायच्या? शक्यच नव्हतं. आजही मी ‘मानतो’ असं म्हणणार नाही. फक्त जे झालं ते लिहितो.

मी मूळचा मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका लहान गावातला. बायको आणि मुलीसह राहतो शहापूरला. पायलट आहे, पण एअरलाइनचा नाही. आमची कंपनी ‘फ्रॅक्शनल’ बिझनेस जेटची. म्हणजे कसं — गावात चार-पाच घरं मिळून एक ट्रॅक्टर घेतात आणि पाळीपाळीने वापरतात ना, तसंच. इथले भागीदार मोठे उद्योगवाले, एवढाच फरक. उद्या कुणाला कुठे न्यायचंय ते आम्हाला आदल्या संध्याकाळी फोनवर कळतं, आणि सकाळी उठेपर्यंत बऱ्याचदा बदललेलं असतं. इंदूर म्हणून निघालो आणि रात्री कोइमतूरला झोपलो, असं नेहमीचंच.

लोकांना वाटतं केवढी ऐट असेल! अहो, आमच्याकडे ना लोडर, ना सफाईवाले. शेटच्या बॅगा मीच चढवतो. बर्फ, वर्तमानपत्रं, कुणाला साखरेशिवाय चहा, कुणाला लिंबूपाणी — सगळं आम्ही दोघं पायलटच बघतो. शेट उतरले की कोट काढायचा आणि सीटखालचे शेंगदाणे व्हॅक्यूमने काढत बसायचं. मग चार-पाच तास वाट बघायची. काही दिवस सलग असं फिरायचं, मग काही दिवस घरी. मी नेमका कुठे आहे हे घरच्यांनाही कधी धड माहीत नसतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गावाला माझा थोरला भाऊ, दत्तूदादा, आणि वहिनी शेती बघतात. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं. हल्ली आमच्याकडे फार्महाऊसवाल्यांचे एजंट फार फिरतात. ओढ्याकाठच्या आमच्या भातशेतावर एकाची नजर होती. मला विकायचं होतं, दादाला नाही. दिवाळीच्या आधी त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, माझा हिस्सा मी विकणार. तो म्हणाला, “मंग पुन्ना या वाटंला येऊ नको.” बोलणंच बंद झालं.

कापणीच्या दिवसांतली गोष्ट. आमचे एक भागीदार मुंबईहून वाराणसीला निघाले होते. वयस्कर, एकटेच. सोबत बायकोच्या अस्थींचा कलश. बॅगा ठेवायच्या कप्प्यात ठेवतो म्हटलं तर त्यांनी मान हलवली. कलश मांडीवर धरून बसले. मग मीच गुडघ्यावर बसून त्यांचा पट्टा सैल केला आणि कलशावरून घेऊन लावून दिला. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे पाहणारी एकच व्यक्ती होती — माझी को-पायलट आर्या, सांगलीची मुलगी. (प्रवाशाबद्दल बाहेर बोलायचं नाही हा आमचा पहिला नियम. इथेही मी ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये.)

वाराणसीला उतरल्यावर केबिन साफ करताना माझे हात विलक्षण खाजायला लागले. बाह्या वर केल्या तर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल ओरखडे. आर्या म्हणाली, “सर, नवीन साबण का?” मला मात्र ती खाज ओळखीची वाटली. भात कापताना पात्यांनी हात असेच चरचरतात. पण मी विळा हातात धरून किती वर्षं झाली होती! हॉटेलचा टॉवेल खराब असेल, म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी दादाचा फोन. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर!

“काय रे, पाठ धरली का?”

“कशाने?”

“कशानं म्हंजे? सवय मोडली तुजी. तरी पन हात चालला हो. वयनी रागावलीय मातर, न जेवता गेलास म्हून.”

मी म्हटलं, “दादा, मी वाराणसीला आहे.”

तो हसला. “मंग सकाळपास्नं शेतात कोन होता? तुजा डावा विळा मागून घेतलास. दुपारपरत कापलंस. आनि सोताच म्हनलास ना — दादा, जमीन विकायची नाय.”

मी डावखुरा आहे. लहानपणी वडिलांनी लोहाराकडून माझ्यासाठी उलट्या धारेचा विळा करून घेतला होता. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि ते जमिनीचं वाक्य ऐकल्यावर तर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अच्छा! हे नाटक आहे तर. भावाने गोष्ट रचली आहे, वहिनीला साक्षीला घेतलंय, उद्या चार माणसांत म्हणतील — धाकट्याने स्वतः शब्द दिला होता.

मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात दादा म्हणाला, “कलशाचं सांगितलंस तवा मला पन कसंतरी झालं रे. मांडीवर घेतलावता त्यानं. पट्टा तू लावलास ते बरं केलंस.”

कलशाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता संशय एकाच ठिकाणी जात होता. आर्या एकदा सुट्टीत आमच्या गावी येऊन गेली होती. तेव्हापासून तिची नि वहिनीची फोनवर गट्टी — तांदळाच्या भाकरीपासून पापडांपर्यंत. तिनेच सांगितलं असणार! दुसऱ्या दिवशी एअरपोर्टला जाताना गाडीत मी तिला सरळ विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “सर, मी प्रवाशाबद्दल बाहेर बोलेन? तुम्ही मला असं ओळखता?”

“मग माझ्या भावाला कसं कळलं?”

तिने फोन अनलॉक करून माझ्या मांडीवर ठेवला. “बघा. सगळं बघा.”

मी बघितलं. हो, बघितलं... आणि काहीही सापडलं नाही. त्या दिवशी कॉकपिटमध्ये आम्ही चेकलिस्टशिवाय एक अक्षर बोललो नाही. आजूबाजूला निळं आकाश, आणि शेजारच्या सीटवरच्या माणसावर आपला भरवसा नाही... यासारखी वाईट गोष्ट नसते. आठवड्याच्या शेवटी तिने ऑफिसला कळवलं की यापुढे सरांबरोबर मला ड्युटी लावू नका.

दादाला मी बजावलं होतं, तो पुन्हा आला तर लगेच व्हिडिओ कॉल करायचा. काही दिवसांनी आम्ही रिकामं विमान नागपूरहून मुंबईला आणत होतो. उतरून फोन चालू केला तर वहिनीचे मिस्ड व्हिडिओ कॉल. मी परत लावला.

“आताच गेले भावजी,” वहिनी म्हणाली. “लावला तर लागं ना तुमाला.”

“मी विमानात होतो वहिनी! फोन कसा लागेल? निदान एक फोटो तरी काढायचास.”

“आपल्या मानसाचा कोन फोटू काढतं? आनि मी फोन धरला तर हसून म्हनले — कोनाला लावतेस वयनी? मी हितंच हाय ना.”

मी चिडून फोन कापला. ही दोघं मला वेडा ठरवतायत, माझी खात्रीच पटली.

म्हणून मी ठरवलं की कुणालाही न सांगता जायचं. तशी संधी लवकरच मिळाली. सकाळी एअरपोर्टवर पोचलो आणि शेटने ट्रिप रद्द केली. बायकोलाही फोन केला नाही. गाडी काढली आणि युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टातच कल्याण, मुरबाड, म्हसा करत थेट गावी. ऊन चढलं होतं. गाडी देवळापाशी लावून बांधावरून चालत शेतात गेलो.

दादा एकटाच कापत होता. माझी चाहूल लागली तसा मान वर न करताच म्हणाला, “झालं पानी पिऊन? चल, येवढी वळ आटपून टाकू.”

मी शेताकडे बघत होतो. उजव्या हाताचा माणूस भात कापतो तेव्हा कापलेल्या मुठी त्याच्या डाव्या अंगाला पडतात. शेताच्या निम्म्या भागात मुठी तशाच होत्या. उरलेल्या निम्म्यात सगळ्या उलट बाजूला. डावखुऱ्याच्या. आणि त्या ओळीच्या टोकाला, अर्धवट कापलेल्या भाताच्या चुडांपाशी, माझा विळा पडलेला.

दादाने मान वर केली. माझा शर्ट बघितला, बूट बघितले. “कपडे कवा बदललास रे?”

“दादा, मी आत्ता येतोय. मुंबईहून.”

तो हसायला गेला आणि त्याला हसता येईना. ओढ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे ओठ पांढरे पडले. मी माझ्या भावाला जन्मापासून ओळखतो. त्याला नाटक जमत नाही हो. शाळेच्या गॅदरिंगला तो झाड झाला होता आणि त्यातही लाजत होता. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस खोटं बोलत नव्हता. कधीच बोलला नव्हता.

तेवढ्यात ओढ्याच्या वाटेने वहिनी जेवण घेऊन आली. मला बघून जागीच थांबली. डोक्यावरची पाटी तिने आधी हळूच खाली ठेवली, मग म्हणाली, “अवो... भावजी तर आता ओढ्यावं भेटले मना.”

“काय म्हनला गो?” दादाचा आवाज चिरकला.

“म्हनले, वयनी मी जातो आता. मी म्हनलं, जेवून जा की. तर म्हनले, नको... तो आलाय.”

मी ओढ्याकडे धावलो, दादा मागून ओरडत होता, “नको जाऊ रे!” तिथे कुणी नव्हतं. पाणी, दगड, पलीकडे रान आणि वर सिद्धगड. भर दुपार, टळटळीत ऊन. मी हाका मारल्या. कुणाला मारत होतो, आणि काय नावाने? माझ्याच की!

त्यानंतर तो परत आला नाही.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. गुपचूप डॉक्टर केले, मेंदूचा स्कॅन केला. सगळं नॉर्मल. माझ्यासारखा दिसणारा कुणी त्या एजंटने पाठवला असेल, असंही वाटून गेलं. पण एजंटचा माणूस जमीन विकू नका का सांगेल? आणि कलशाचं त्याला कोण सांगणार? आर्याची माफी मागितली. तिने माफ केलं, पण जाता जाता म्हणाली, “सर, वाराणसीला जाताना मी तुम्हाला दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे तुम्ही ओ दिलीत. तुम्ही डोळे उघडे ठेवून समोर बघत होतात. मी तेव्हा दमला असाल म्हटलं.” मला असं काही आठवत नाही. मला तर ते उड्डाण सलग आठवतं.

गंमत बघा, आता दादाच म्हणायला लागला की विकून टाक ते शेत. आणि माझा सहीसाठी हात उचलेना. एजंटला मीच नाही म्हणून कळवलं.

या वर्षी मी रजा टाकून कापणीला गेलो. दोघंच होतो. दादा मधेच थांबायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. दोन-तीनदा झालं तसं मी विचारलं, “काय बघतोस?”

“काय नाय,” तो म्हणाला आणि परत वाकला. ओळ संपता संपता खाली बघूनच बोलला, “तो बोलायचा रे जास्त.”

मी पुढची मूठ कापली आणि उजव्या अंगाला ठेवली.