चुड्यापायी हुकलेलं शिबिर

आमच्या कोपरच्या घरात हॉलमध्ये काचेचं शोकेस आहे. त्यात माझी पदकं टांगलेली असायची. पाहुणे आले की चहाच्या आधी सासूबाई ती दाखवायच्या. "आमची सून महाराष्ट्राची कॅप्टन होती हो, व्हॉलीबॉलची!" मी आत पोहे परतत असायचे आणि डोकं फिरायचं माझं.

मला बघायला आले तेव्हाही हेच. "खेळू दे की, आम्हाला कौतुकच आहे." मी येडी, खरं मानलं. लग्नाला पंधरवडाही झाला नव्हता आणि ठाण्यात निवड चाचणी लागली, भारताच्या शिबिरासाठी. शाळेत असल्यापासून ठाकुर्लीच्या मैदानावर गुडघे फोडून घेतले ते ह्याच्यासाठीच. आमच्या कोच सरांनी स्पष्ट सांगितलेलं, "यंदा नाही तर विसर. वय थांबत नाही गं."

आणि माझ्या हातात हिरवा चुडा. नव्या नवरीने तो सव्वा महिना उतरवायचा नाही, असं ह्यांच्या घरात. सासूबाई म्हणाल्या, "खेळ की, नको कोण म्हणतंय? चुड्याला तेवढा हात लावू नकोस." मग मीच शक्कल लढवली. दोन्ही हातांना क्रेप बँडेज गुंडाळलं, वरून चिकटपट्टी. मी सेटर. अटॅकरला बॉल उचलून द्यायचा, सगळं काम बोटांचं आणि मनगटाचं. घरी भिंतीवर मारून पाहिलं, जमत होतं.

मैदानात उतरताना पंचांनी माझं मनगट दाबून पाहिलं. आतून किणकिण.

"काच आहे? फुटली तर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. काढून ये, नाहीतर बाहेर बस."

त्यांचं काही चुकलं नाही. मी बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं "काढ" म्हणाला असता! त्याने आईला फोन लावला, सगळं सांगितलं आणि माझ्या कानाला धरला. पलीकडे सासूबाई रडत होत्या. "माझ्या लेकराच्या जिवाशी खेळू नकोस गं." कपाळ माझं! असं म्हटल्यावर कुठली नवी नवरी बांगडीला हात लावेल? मी बाकावर बसले. माझ्या जागी जी पोरगी उतरली तिचे बॉल नेटला चिकटत होते, अटॅकरला धड मारताही येत नव्हते. शिबिराला ती गेली.

गेल्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. सत्यनारायण उरकला आणि सासूबाईंनी तिला मोरीपाशी बसवलं, हातांना साबण लावला आणि एकेक हिरवी बांगडी अलगद उतरवली. एकही फुटली नाही. सगळ्या रुमालात बांधून देवापुढे ठेवल्या. "ड्यूटीवर चालत नाहीत गं. देवाला कळतं."

मी दारातच उभी होते. "आई, मग माझ्या वेळी?"

त्यांनी वरही पाहिलं नाही. "अगं, तिची नोकरी आहे. तुझा काय, खेळच होता."

संध्याकाळी जावेची आई आली. सासूबाई तिला घेऊन कौतुकाने शोकेसपाशी गेल्या. आत नुसते खिळे.

"अगं, पदकं कुठे गेली?"

"माळ्यावर टाकली," मी म्हटलं. "खेळच होता ना."

आणि पोहे परतायला आत गेले.