आबांच्या डोक्यावरचा ठिपका

हसणार नसाल तरच सांगते. जाऊ द्या, हसणारच आहात तुम्ही. निदान चहाचा कप खाली ठेवून हसा, मागच्या वेळी हे सांगताना एकीच्या नाकातून चहा आला होता!

तर आमच्या नगरकडच्या कर्जतला माझं रेडियमचं दुकान आहे. रेडियम म्हणजे ते हो, गाड्यांवर चिकटवलेली रंगीत अक्षरं असतात ना, ते. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, मशीन बारीक पात्यानं ती कापतं, जास्तीचं आपण नखानं सोलून काढायचं आणि गाडीवर चिकटवायचं. पाण्याच्या टँकरपासून नवरदेवाच्या गाडीपर्यंत अर्धा तालुका माझ्या अक्षरांनी रंगलाय. म्हणजे, असं मीच सगळ्यांना सांगते.

ऐन मे महिन्यात माझं जुनं मशीन बंद पडलं. नवं आणलं. आता मला वाटलं, मशीन बदललं की काम तेच. छे! नव्या मशीनचं सॉफ्टवेअर वेगळं. माझी सगळी डिझाइनं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि या दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही! एका घरात दोन जावांनी अबोला धरावा आणि निरोप पोचवायला मधे आपण अडकावं, तसं माझं झालं.

नेमकी त्याच दिवशी शोभा आली.

शोभा आमच्या पलीकडच्या वाडीवरची. आंब्याची बाग आहे त्यांची. दरवर्षी व्यापारी यायचा, झाडावरच बाग ठरवायचा आणि आंबे उतरवून न्यायचा. शोभाच्या मनात होतं की आपला आंबा आपणच टेम्पोत भरून नगरला न्यावा, तिथल्या नागापूरला कारखान्यांची पाळी सुटते तिथं उभं राहून विकावा. पण घरात चालतं कुणाचं? सासऱ्यांचं. सासऱ्यांना सगळी वाडी आबा म्हणते. त्यांचं खरं नाव बहुतेक फक्त रेशनकार्डाला माहीत असावं! माणूस एकदम कडक. हसलेले मी तरी कधी बघितले नव्हते.

"ताई, लई मिनत्या केल्या तेव्हा आबा हो म्हणालेत," शोभा सांगत होती. "पण एकच खेप म्हणालेत. माल माघारी आला तर पुन्हा नाव काढायचं नाही. आणि ते सोताच टेम्पोत बसून येणार आहेत बघायला! उद्या पहाटे निघायचंय. टेम्पोवर असं झोकदार लिहून द्या, की माणूस थांबलाच पाहिजे."

आता तुम्ही सांगा, अशा वेळी 'मशीन नवं आहे, मला अजून येत नाही' असं कुणी म्हणेल का? मी म्हणाले, "तू टेम्पो घेऊन ये संध्याकाळी. माणूस थांबणारच!"

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी झकास मजकूर मांडला. वर मोठ्ठ्या लाल अक्षरात 'गावरान गोड आंबा'. त्याखाली 'आढीत पिकलेला', म्हणजे गवतात दडवून पिकवलेला. आणि त्याखाली 'थेट शेतातून तुमच्या दारात'. अक्षराला अशी काही वळणं दिली होती की माझी मलाच दृष्ट लागेल!

मग ती फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला गेले. त्यानं सरळ नकार दिला. दुसऱ्या प्रकारात सेव्ह करून दिली. उघडली, पण मराठी फॉन्ट त्याला ओळखेना. 'गावरान'च्या जागी नुसते चौकोन, वरती दोन उलटी प्रश्नचिन्हं. मग म्हटलं, अक्षर म्हणून नकोच द्यायला, चित्र म्हणून देऊ. सगळ्या अक्षरांच्या नुसत्या रेषा केल्या आणि तिसऱ्या प्रकारात सेव्ह केली. आता कसं, सगळं ओळखीचं दिसलं! मी खुशीत कटिंगचं बटण दाबलं.

मशीन सुरू झालं, आणि थांबेचना. रेडियमचा रोल सरसर पुढं येतोय, टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत, आणि अजून 'गा'चा काना संपत नाहीये! अहो, मी मिलिमीटर म्हणत होते आणि तो पठ्ठ्या इंच समजत होता! त्या मापानं लिहिलं असतं तर टेम्पोला नाही, डोंगराला चिकटवावं लागलं असतं.

धावत जाऊन स्विच बंद केला. माप दुरुस्त केलं. आता स्क्रीनवर अक्षरं बरोब्बर, पण आजूबाजूला कसले कसले बारीक कण आलेले. तेवढ्यात त्या सॉफ्टवेअरनंच मला इंग्रजीत अदबीनं विचारलं, की डिझाइनमध्ये बारीकसारीक तुकडे दिसतायत, काढून टाकू का?

घरातला केर काढू का असं कुणी आपण होऊन विचारलं, तर तुमच्यापैकी कोण नको म्हणेल? मी म्हटलं, काढ बाबा! 'होय' दाबलं. कण गायब. वर मी त्याला प्रेमानं म्हणालेसुद्धा, "गुणाचं गं माझं ते!"

दिवेलागणीला शोभा टेम्पो घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून अक्षरं चिकटवली. दोन्ही बाजूंना. चार पावलं मागं जाऊन शोभानं मोठ्यानं वाचलं, "गावरान गोड आंबा! ताई, काय झ्याक दिसतंय हो!"

लक्षात घ्या, तिनं 'आंबा' वाचलं. मीही 'आंबा'च वाचलं. डोक्यात आंबा असला की डोळे दुसरं काही वाचतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तोच मोबाइल वाजला. नगरच्या माझ्या बहिणीनं फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'हे तुमच्या कर्जतचे का गं? इथं सगळ्या ग्रुपवर फिरतायत.'

फोटो उघडला. नागापूरचा रस्ता, शोभाचा टेम्पो. टेम्पोला टेकून खुर्ची टाकलेली. खुर्चीत पांढरं धोतर, फेटा, भरघोस मिशा आणि कपाळाला आठ्या अशा थाटात आबा बसलेले. आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर माझी लालभडक अक्षरं:

गावरान गोड आबा. आढीत पिकलेला. थेट शेतातून तुमच्या दारात.

उदबत्ती हातातच राहिली. अनुस्वार! आंब्याचा अनुस्वार कुठं गेला?

शोभाला फोन लावला, उचलेना. म्हटलं, निस्तरलं पाहिजे. आधी ठिपके कापून घेऊ, मग गाठू नगर. घाईघाईनं नव्या सॉफ्टवेअरमध्ये चार लाल गोल काढले, दोन लावायला, दोन जास्तीचे. त्यानं पुन्हा अदबीनं विचारलं, बारीक तुकडे दिसतायत, काढून टाकू का? आणि सवयीनं माझं बोट 'होय'वर पडलं. पडलं आणि समोर कोरा करकरीत पडदा!

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या शहाण्याच्या लेखी आमचा अनुस्वार म्हणजे केर होता, आणि तो काढायची परवानगी मी दिली होती. शाबासकीसकट!

शेवटी कुंकवाच्या डबीचं झाकण रेडियमवर ठेवलं, कात्रीनं ठिपके कापले, जेवणाच्या डब्यात घातले आणि एसटीत बसले. सगळ्या वाटेनं एकच विचार. लोक हसत असणार. आबा चिडून टेम्पो माघारी फिरवणार. बिचाऱ्या शोभाची एकुलती एक खेप, ती माझ्यापायी बुडणार. मांडीवर डबा घट्ट धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "जेवून घ्या की ताई." मी म्हटलं, "यात ठिपके आहेत." ती उठून मागच्या सीटवर जाऊन बसली.

नागापूरला उतरले तर टेम्पोभोवती ही गर्दी! पाळी सुटलेली कामगार मंडळी, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया, कॉलेजची पोरं. शोभा घामाघूम होऊन आंबे मोजतेय. आणि आबा? आबा चक्क हसत होते!

मला बघून त्यांनी हाक मारली, "या या रेडियमवाल्या ताई! आवं, काय मानसं हायेत हितली! कर्जतात धा वर्सं बाजार केला, कुनी राम राम म्हनलं न्हाई. हितं उतारल्यापास्नं ल्हानथोर समदी आबा, आबा करत्यात! माझं नाव न सांगता! आसा मान न्हाई बघितला."

मी त्यांच्या नाकाकडं बघितलं. त्यांना वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोभाच्या पिशवीत. बोर्ड त्यांनी वाचलाच नव्हता!

तेवढ्यात एका बाईनं विचारलं, "आबा घरपोच मिळतील का?"

"मिळतील की!" आबा छाती काढून म्हणाले. "पत्ता सांगा, सोता यीन!"

गर्दीत हशा. एक पोरगा म्हणाला, "आबा, आढीत किती दिवस होता?"

"आठ-धा दिस. खाली गवत, वर गवत, आन् वारं लागू द्यायचं न्हाई," आबांनी मन लावून समजावलं. पोरं पोट धरून बसली. आबांना वाटलं, पोरं काय हसरी आहेत हो! तेही हसले.

मी शोभाला बाजूला घेतलं. "शोभा, चुकलं गं माझं. ठिपके आणलेत. गुपचूप लावून टाकते."

"मला सकाळीच कळलंय ताई," शोभा कुजबुजली. "आधी रडूच आलं. पण माणसं वाचतात, हसतात, फोटो काढतात आणि आंबा घेऊन जातात! निम्म्याच्या वर माल गेला. आणि आबांना असं हसताना सासूबाई गेल्यापासनं मी पहिल्यांदा बघतेय. कशाला लावता ठिपका?"

पण माझं मन मला खात होतं. एवढा साधा माणूस, त्याला वाटतंय लोक मान देतायत. हे बरं नाही. मी आबांच्या पाठीमागून टेम्पोपाशी गेले, क्रेटवर चढले, डब्यातून ठिपका काढला आणि हात वर केला. इतक्यात कुणीतरी ओरडलं, "ओ ताई! नका लावू! आबाचा आंबा होईल!"

आबा खुर्चीवरून उठले.

"काय म्हनला रं त्यो? शोभे, माझा चष्मा दे."

शोभानं चष्मा दिला. आबांनी तो पुसला, नाकावर चढवला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले. "गाव...रान... गोड... आबा." थांबले. "आढीत... पिकलेला." पुन्हा थांबले. "थेट शेतातून... तुमच्या दारात."

वळून त्यांनी गर्दीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी क्रेटवर, हात वर, बोटाच्या टोकाला लाल ठिपका. त्या घडीला मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर तिचे मी पाय धरले असते.

"आबा," मी म्हणाले, "चूक माझीये. शोभाचा काही दोष नाही. त्या नव्या मशीननं विचारलं केर काढू का, मी काढ म्हणाले, आणि त्यात..."

"गोड!" आबा मधेच म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं, आता फुटणार. आणि फुटलेच! "गोड म्हनं! आमची म्हातारी आसती ना, तर हितंच म्हनली आसती, कुटला गोड? जलमभर कैरीच ऱ्हायला ह्यो!"

आणि माणूस जो हसत सुटला! फेटा सुटला, चष्मा वाकडा झाला, डोळ्यांतून पाणी. गर्दी टाळ्या पिटायला लागली. शोभा हसतेय की रडतेय काही कळेना. मी क्रेटवरून उतरले आणि तिथंच बसकण मारली.

दुपार कलायच्या आत टेम्पो रिकामा झाला. आबा शोभाला म्हणाले, "उद्या बी यायचं. परवा बी यायचं. त्या व्यापाऱ्याला सांग, औंदा बाग द्यायची न्हाई." शोभानं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला.

खरं सांगू का? त्या दिवशी आबांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना शोभलं असतं. दुसरं कुणी असतं तर कर्जतभर माझं नाव घालवलं असतं. या दोघांनी मला टेम्पोत मधे बसवून घरी आणलं. मागं ठेवलेली एक पाटी माझ्या मांडीवर दिली, सगळ्यात चांगल्या आंब्यांची. वाटेत चहा पाजला. वर आबा म्हणतात, "ताई, तुमचं उपकार झालं." अहो, उपकार कुणाचे कुणावर! अशा माणसांपुढं चूक करायला मिळाली, हेच माझं नशीब.

दुकानापाशी उतरले. आबांच्या नाकावर चष्मा तसाच होता. सवय नव्हती ना, दिसेल ते वाचत सुटले होते. टेम्पोच्या खालच्या कोपऱ्याकडं वाकून म्हणाले, "आन् हे बारीक काय लिवलंय?"

आता आम्ही रेडियमवाले प्रत्येक गाडीच्या कोपऱ्यात आपली जाहिरात लावतोच, फुकटात. मी विसरूनच गेले होते. माझं नाव नंदा. मोठ्या हौसेनं तिथं लिहिलं होतं, 'सुंदर व बिनचूक अक्षरांसाठी भेटा, नंदा'.

आबांनी बोट ठेवून, मन लावून, शब्द न शब्द वाचलं:

"सुदर व बिनचूक अक्षरासाठी भेटा, नदा."

तेव्हापासून आबा भर बाजारात मला लांबून हाक मारतात, "काय गं नदे, बरी हाईस का?" आणि मी गुमान 'ओ' देते!