आलेखातले चौकोन

मला तो आवडत नाही. वणीच्या एका संगणक केंद्रात बसतो, बंद पडद्यात बघून सारखे केस नीट करतो आणि "आपल्यासारखा वणीत दुसरा नाही" हे स्वतःच सांगतो. राग याचा येतो, की ते खरं आहे.

वणीजवळच्या राजूरला खाणीच्या साहेबासोबत सभा होती, तिथं गल्लीवार कोळशाच्या धुळीचा आलेख वाटायचा होता. मोजमाप आमच्या संघटनेचं, पण आलेखाचं सॉफ्टवेअर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दाखवत होतं. सभा दुपारीच होती. मी वैतागून म्हणालो, "इंग्रजीत टाक."

"काहून बे? मराठीसाठी मोर्चे तूच काढतो ना?"

त्यानं फॉन्ट बदलला. चौकोन गेले, पण वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या. "रुसू नको रे राजा," तो संगणकाला म्हणाला. सॉफ्टवेअरनं साठवलेली फॉन्टची जुनी यादी त्यानं पुसली, अक्षरं जुळवणारी सोय चालू केली आणि आलेखावर 'विहिरीजवळची गल्ली' ही अक्षरं स्वच्छ उमटली.

कोरे कागद संपले होते. त्यानं धुळीविरुद्धच्या माझ्याच उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आलेख छापला. ती पत्रकं मी रक्त आटवून लिहिली होती.

सभेत एका काकूंनी आलेखावर बोट ठेवलं. "हे तं आमची गल्ली! आमच्याचकडे एवढी धूळ काहून?" त्या उठून थेट साहेबासमोर उभ्या राहिल्या. माझ्या पत्रकानं आजवर कुणाला असं उठवलं नव्हतं.

परवा राजूरला गेलतो. घराघरांत तो कागद भिंतीला डकवलेला होता. आलेख बाहेर, आणि माझा मजकूर भिंतीकडे तोंड करून.